शेवट कळला म्हणून काय बिघडले?

अलीकडे आपल्या घराघरांत एका नव्या पापाची भर पडली आहे. खोटे बोलणे, उधारी बुडवणे, दुसऱ्याच्या शेतातला ऊस मोडणे ही जुनी पापे आता किरकोळ झाली. गोष्टीचा शेवट सांगणे हे महापाप ठरले आहे. दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली आणि कोणी एखाद्या मालिकेचा विषय काढला, की भाची कानांवर हात ठेवते, पुतण्या बशी उचलून दुसऱ्या खोलीत जातो, आणि ज्या बिचाऱ्याने ‘तो कारकून मोठा बेरकी निघाला बुवा’ एवढेच म्हटलेले असते, त्याच्याकडे सारे असे पाहतात, की जणू त्याने चकल्यांच्या डब्यात रॉकेल ओतले! शेवट सांगू नका, शेवट सांगू नका! या एका मंत्रापुढे बाकीचा सगळा रसिकपणा मुका झाला आहे.

मी या मंत्राच्या विरुद्ध आहे, आणि आज त्याच्याशी दोन हात करायचे म्हणूनच लेखणी उचलली आहे.

गंमत अशी, की या मंत्राचे दोन कट्टर उपासक आहेत आणि त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. एक आपली तरुण मंडळी. दुसरे आपले विद्वान. तरुण म्हणतात, खुनी कोण ते आधी कळले तर पाहण्यात राम उरत नाही. विद्वान म्हणतात, म्हणूनच तर रहस्यकथा हे वाङ्मय नव्हे. ते उसाचे कांडे, रस चोखला की चिपाड! बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, ज्यांच्या हाती दुसरे पुस्तक कधी आले नसते अशा माणसांना वाचायला लावले. पण वाङ्मयाच्या वाड्यात त्यांना ओटीवरच बसवण्यात आले, माजघरात काही कोणी बोलावले नाही. का? तर शेवट कळल्यावर पुन्हा कोण वाचतो, म्हणून. म्हणजे एकाने ज्या गोष्टीसाठी कान झाकायचे, तिच्याचसाठी दुसऱ्याने नाक मुरडायचे. दोघांचा देव एकच: खुन्याचे नाव.

मी शाळामास्तर आहे, त्यामुळे या समजुतीची फळे मला रोज पाहायला मिळतात. एका शाळेत ग्रंथालयाची आवराआवर चालली असता रहस्यकथांचे कपाटच्या कपाट रद्दीत निघाले. कारण विचारले, तर उत्तर मिळाले, ‘मुलांच्या वाचून झाल्या आहेत.’ वाचून झाल्या! त्याच शाळेत पायथागोरसचा सिद्धान्त दरसाल नव्याने सिद्ध करतात; तो एकदा सिद्ध झाला म्हणून भूमितीचे पुस्तक अजून कोणी रद्दीत घातलेले नाही.

पण हवेत तलवार फिरवण्यात अर्थ नाही. एक जिन्नस समोर ठेवतो आणि त्याच्यावरच बोलतो. ‘अगाथा ख्रिस्तीज प्वारो’ या इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेचे तेरावे आणि अखेरचे पर्व. घरी पाहण्यासाठी डीव्हीडीवर निघालेले. पाच चित्रपट, प्रत्येकी दीड तासाच्या आसपास. (या गुप्तहेराच्या नावाचा उच्चार आपल्याकडे पायरो, पॉयरो, पॉयरट असा ज्याला जसा जमेल तसा होतो. गृहस्थ बेल्जियमचा, फ्रेंच बोलणारा, आणि मिशीच्या टोकांइतकाच नावाच्या उच्चाराला जपणारा. तेव्हा मी प्वारोच म्हणणार.) ८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि १३ नोव्हेंबर २०१३ रोजी संपली. एकंदर सत्तर भाग झाले आणि सत्तरही भागांत प्वारो एकच: डेव्हिड सूशे हा नट. जवळजवळ पंचवीस वर्षे एका माणसाने एकच मिशी, एकच छडी आणि अंड्याच्या आकाराचे एकच डोके सांभाळले, आणि ख्रिस्तीबाईंनी प्वारोवर लिहिलेले बहुतेक सगळे पडद्यावर आणून दाखवले.

ही पेटी घरी आली तेव्हा एका सुशिक्षित स्नेह्यांनी मला विचारले, ‘मास्तर, तुम्ही तर कादंबरी वाचली आहे. खुनी कोण ते ठाऊक असताना पैसे कशाला घातलेत?’ प्रश्न चांगला आहे. त्याचेच उत्तर देतो.

आणि त्यासाठी आधी ते महापाप करतो. ज्यांना कानांवर हात ठेवायचे असतील त्यांनी खुशाल ठेवावेत, पण डोळे उघडे असू द्यावेत, नाही तर लेख वाचणार कसा? तर ऐका. या पर्वातली, म्हणजे सगळ्या मालिकेतलीच, शेवटची कथा ‘कर्टन’. पडदा! तिच्यात खून प्वारो स्वतः करतो. आणि मग स्वतः मरतो.

झाले. सांगितले. आता सांगा, कथेतले काय नाहीसे झाले?

ज्या बाईने ही कथा लिहिली तिच्याकडे पाहा. अगाथा ख्रिस्तीने ‘कर्टन’ लिहिली ती दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. लंडनवर बॉम्ब पडत होते. आपले काही बरेवाईट झाले तर प्वारोचा शेवट दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये, म्हणून तिने तो लिहिला आणि तिजोरीत बंद करून ठेवला. नंतर तीस-एक वर्षे ती प्वारोच्या कथा लिहीतच राहिली. याच पर्वातल्या दोन कथा घ्या: ‘डेड मॅन्स फॉली’ १९५६ सालची, ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’ १९७२ सालची. दोन्ही लिहिताना बाईंना नायकाचा मृत्यू पक्का ठाऊक होता. कोणत्या घरात, कशामुळे, कोणाच्या हातून, सारे. शेवट ठाऊक असण्याने रस आटत असता, तर तो सर्वांत आधी लिहिणाऱ्याच्या लेखणीतला आटला असता. प्रत्यक्ष पुस्तक निघाले १९७५ साली, आणि तेही कसे? ६ ऑगस्ट १९७५ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर हर्क्यूल प्वारोची मृत्युवार्ता छापली, एखाद्या मंत्र्याची छापावी तशी. पुस्तक तेव्हा बाजारात यायचे होते! म्हणजे शेवट आधी जगजाहीर झाला आणि पुस्तक नंतर आले. तरी ते धडाक्याने खपले. पुढच्या जानेवारीत ख्रिस्तीबाईही गेल्या. या गोष्टीला आज पन्नास वर्षे होऊन गेली, आणि आमची मंडळी अजून कान झाकून बसली आहेत.

आता प्रत्यक्ष कथेकडे वळू. स्टाइल्स नावाचे खेडेगावातले जुने घर. प्वारोची पहिली कथा ख्रिस्तीने याच घरात घडवली होती, शेवटचीही तिथेच. आता ते घर म्हणजे पैसे घेऊन पाहुणे ठेवणारी खाणावळ झाले आहे. प्वारो थकला आहे, सांध्यांनी दगा दिला आहे, हृदय कुरकुरते आहे, चाकांच्या खुर्चीतून त्याला फिरवावे लागते. जुना मित्र हेस्टिंग्ज याला त्याने बोलावून घेतले आहे. कारण त्या घरात एक असा माणूस राहतो आहे, जो स्वतः कोणाच्या केसालाही धक्का लावत नाही. फक्त शेजारी बसून हळूच असे काही बोलतो, की ऐकणाऱ्याच्या मनातली ठिणगी भडकावी आणि त्याने उठून खून करावा. कायद्याने त्याला कधी धरता यायचे नाही. त्याचे नाव मी सांगत नाही. ते दडवायचे म्हणून नव्हे. त्या नावात काही नाही म्हणून. साधासुधा, पक्षी न्याहाळत हिंडणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा तो माणूस आहे, आणि अशा माणसाचे नाव काहीही असू शकते.

मराठी प्रेक्षकाला हा मनुष्य अनोळखी नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ केले, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. त्यातला तो कानात विष ओतणारा आपल्या आजे-पणज्यांनी पाहिला आहे. ख्रिस्तीबाईंनीही कादंबरीत प्वारोकडून हेस्टिंग्जसाठी खूण म्हणून ठेवली आहे ती ‘ऑथेल्लो’चीच प्रत. बाईंनी उत्तर पुस्तकाच्या पोटात ठेवले. ज्याने ते नाटक वाचले आहे, म्हणजे ज्याला एका जुन्या गोष्टीचा शेवट ठाऊक आहे, त्यालाच ती खूण उमगणार!

आता दोन प्रेक्षक शेजारी बसवा. एकाला शेवट ठाऊक नाही, दुसऱ्याला आहे. पहिला काय पाहतो? तो प्रत्येक चेहऱ्यावर खुन्याचा शिक्का शोधत असतो. डॉक्टर असेल काय? ती नर्स? तो बायकांच्या मागे लागणारा देखणा गृहस्थ? शंकेखोर जकातदारासारखा तो प्रत्येकाचे बोचके उचकटून पाहतो आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे त्याची पाठ असते. दुसऱ्याची नजर मात्र त्या म्हाताऱ्यावरून हलत नाही. प्वारोने आपला वर्षानुवर्षांचा नोकर जॉर्ज याला का बरे रजा दिली? त्याच्या जागी अंगाने धिप्पाड पण डोळ्यांनी मंद असा दुसरा का ठेवला? जॉर्जला धन्याचे प्रत्येक हाड ओळखीचे; त्याच्यापुढे पांगळेपणाचे सोंग एक दिवस टिकले नसते. प्वारो स्वतः चॉकलेटचा कढत पेला पुढे करतो तेव्हा पहिल्या प्रेक्षकाला तो म्हाताऱ्याचा प्रेमळपणा वाटतो. दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि हा पेला एकदाच येत नाही. एकदा तो हेस्टिंग्जच्या हाती दिला जातो, त्याला झोप लागावी आणि रागाच्या भरात त्याच्या हातून घडू पाहणारा खून टळावा म्हणून; एकदा त्या दुष्टाच्या हाती, त्याला झोप लागावी आणि त्याचा खून करता यावा म्हणून. तेच पेय, तोच हात, तीच झोप. एकीने मित्र वाचला, दुसरीने शत्रू मेला. हे काव्य पहिल्या वेळी कोणाला दिसले असेल तर त्याने मला पत्र टाकावे.

आणि म्हाताऱ्याकडे कोणी पाहत नाही, या एकाच गोष्टीवर तर प्वारोचा सगळा डाव उभा आहे. घरात पाहुणे गजबजलेले आहेत. खुर्ची इकडून तिकडे ढकलली जाते, आजोबांच्या मांडीवर घोंगडी टाकली जाते, आणि त्यांच्या डोक्यात काय चालले आहे हे विचारायला कोणाला सवड नसते. हे पाहायला इंग्लंडच्या खेड्यात जायला हवे असेही नाही.

तो खून करतानाही प्वारो प्वारोच असतो. गोळी कपाळाच्या अगदी मधोमध! जन्मभर भिंतीवरची तसबीर सरळ करणारा, नाश्त्याची अंडी दोन सारख्या आकाराची मागणारा माणूस. त्याच्याच्याने गोळीसुद्धा वाकडी घालवली नाही. खुन्याची सही त्या कपाळावर होती आणि हेस्टिंग्जसकट कोणालाच ती वाचता आली नाही.

आणखी एक बारकावा सांगतो. त्याच घरात डॉक्टरची बायको विष पोटात जाऊन मरते. नवऱ्यासाठी विष घातलेला पेला तिनेच तयार केलेला असतो. पेले ठेवलेले फिरते पुस्तकांचे कपाट भोळा हेस्टिंग्ज सहज, एक पुस्तक काढण्यासाठी, फिरवतो आणि पेल्यांची अदलाबदल होते. तिचा जीव घेणारा हात हेस्टिंग्जचा, आणि ते त्याला स्वप्नातही ठाऊक नाही. पहिल्या वेळी हा प्रसंग आपल्या डोळ्यांवरून घसरून जातो. दुसऱ्या वेळी ते कपाट फिरू लागले, की उठून त्याचा हात धरावासा वाटतो.

आता कोणी म्हणेल, हे सारे तुमच्या परदेशी गुप्तहेराचे. आपल्याकडे असे नाही. आपल्याकडेच तर असे आहे! मराठी माणसाची सर्वांत आवडती खुनाची कथा कोणती? ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशवे. खुनी कोण, आम्हाला चौथीपासून ठाऊक. गारदी कोणी पाठवले, ठाऊक. आणि ‘ध’चा ‘मा’! एका चिठ्ठीतले एक अक्षर. इतिहासाचे पंडित ती दंतकथा आहे की खरी यावर भांडोत. पण यापेक्षा सुबक धागा जगातल्या कोणत्या रहस्यकथेत आहे? आम्ही ती शंभर वेळा ऐकली आणि ‘काका, मला वाचवा’ म्हणताच शंभरही वेळा आमच्या अंगावर काटा आला. ‘एकच प्याला’त सिंधू मरणार हे ठाऊक नसलेला प्रेक्षक १९१९ नंतर फार दिवस उरला नसेल, तिकिटांच्या खिडकीला त्याने काही कुलूप लागले नाही. फार कशाला, आपण मालिकांच्या भागांना ‘पर्व’ म्हणतो तो शब्द ज्या ग्रंथातून आला, त्या महाभारताच्या आदिपर्वातच धृतराष्ट्र आपल्या विलापात सगळ्या युद्धाचा निकाल सांगून मोकळा होतो. पुढची सतरा पर्वे काय कोणी रद्दीत घातली?

नारायणरावाच्याच कथेत रामशास्त्री प्रभुणे आहेत. राघोबादादांना त्यांनी तोंडावर सांगितले, या पापाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे नाही. आणि ते पुणे सोडून गेले. ‘कर्टन’ पाहताना मला हरघडी रामशास्त्री आठवतात. प्वारो हा जन्मभर निवाडा सांगणारा, शिक्षा न देणारा. खुनाला माझी संमती नाही, हे त्याचे ब्रीद. त्याच्याच हातून खून होतो. आणि मग शास्त्र्यांनी राघोबाला जे सांगितले ते हा गुपचूप स्वतःला सांगतो. हृदयाची कळ आली तर फोडून हुंगायच्या औषधाच्या कुप्या उशाशी असतात. त्या तो आपल्या हाताने दूर सरकवून ठेवतो. मी केले ते बरोबर की चूक, हे देवाने ठरवावे. खुनी कोण या प्रश्नाचे उत्तर दोन अक्षरांत संपते. हा दुसरा प्रश्न मात्र पाहणाऱ्याच्या उरावर बसतो, आणि तो बसायला जागा मिळते ती पहिला प्रश्न उठून गेल्यावरच. मालिकेने हे आधीपासून शिजत ठेवले होते. २०१० सालच्या नाताळात दाखवलेल्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’च्या शेवटी बर्फातून चालणारा, मुठीत जपमाळ आवळलेला प्वारो पाहा, तिथे त्याने दुसऱ्यांचा खून पोटात घातला, इथे स्वतःचा. ज्यांनी नुसता खुनी शोधला त्यांना ही तीन वर्षांची वाट दिसणारच नाही.

याचा अर्थ असा नव्हे, की पेटीतले सगळेच सोन्याचे आहे. दुसऱ्यांदा पाहणे हा निकष दुधारी आहे. ‘कर्टन’ त्यावर उजळते आणि दुसरे काही उघडे पडते. ‘द लेबर्स ऑफ हर्क्युलिस’ हा मूळचा बारा गोष्टींचा संग्रह. त्या बारांतले तुकडे ओढून आल्प्सच्या बर्फातल्या एका हॉटेलात दीड तासात कोंबले आहेत. पहिल्यांदा पाहताना बर्फ आणि दागिने यांनी डोळे दिपतात. दुसऱ्यांदा शिवण दिसते, आणि ती रेशमाची नाही. ‘द बिग फोर’ ही १९२७ सालची मूळ कादंबरीच विस्कळीत. जगावर राज्य करू पाहणाऱ्या चौघांचे कारस्थान! नाट्यरूप करणाऱ्यांनी ते सगळे उलटेपालटे करून एका नटाच्या वेडावर आणून ठेवले. युक्ती आहे, पण एकदा हसण्यापुरती. जॅप, मिस लेमन आणि हेस्टिंग्ज ही जुनी मंडळी त्यात पुन्हा एकत्र भेटतात, एवढ्यासाठी मी तो सहन करतो. ‘एलिफंट्स’ला एक जादा खून चिकटवला आहे तो नसता तरी चालले असते.

‘पण मास्तर, पहिल्या वेळचा तो धक्का?’ आहे ना, त्याला मी कुठे नाही म्हणतो? कोणी पुस्तकाच्या शंभराव्या पानावर असेल तर त्याच्या मागे उभे राहून खुन्याचे नाव ओरडू नये. जेवायला बसलेल्याच्या पानातला लाडू उचलू नये, तसेच ते. पण हे शिष्टाचाराचे कलम आहे, रसशास्त्राचे नव्हे. लाडू न उचलणे निराळे आणि ‘एकदा खाल्लेला लाडू पुन्हा गोड लागत नाही’ असे शास्त्र करणे निराळे.

आणि हे शास्त्र कोणाच्या फायद्याचे आहे याचाही विचार व्हावा. शेवट कळला की वस्तू शिळी झाली, ही समजूत त्यालाच हवी असते ज्याला रोज ताजी वस्तू विकायची आहे. आता मालिका तारेवरून घरात येतात. महिन्याचे भाडे भरले की नळासारखी तोटी सोडायची. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण त्या नळाची वागणूक पाहा. भाग संपून नावांची यादी सुरू होते न होते तोच कोपऱ्यात एक चौकट उमटते, आकडे उलटे मोजते, आणि प्वारोचे अंग थंड पडण्याआधी भलत्याच कोणत्या तरी मालिकेतला दुसरा खून सुरू होतो. सुतकाला पाच सेकंद! ज्या माणसाबरोबर आपण पंचवीस वर्षे काढली त्याच्या मागे घरात जरा शांत बसू द्यायचीही त्याला घाई. बरे, पुन्हा पाहायचे म्हणावे तर मधल्या काळात कोणाचा कोणाशी करार संपतो आणि मालिका यादीतून नाहीशी होते. भाडे आपण भरलेले असते. घर मात्र दुसऱ्याच्या नावावर असते.

तबकडी कपाटात राहते. तिच्याही खोड्या आहेत, नाही असे नाही. या व्यापाऱ्यांनी जगाचे प्रदेश पाडून ठेवले आहेत. ब्रिटनची तबकडी दोन क्रमांकाची, हिंदुस्थानचे यंत्र पाच क्रमांकाचे. विलायतेहून भाच्याने प्रेमाने आणलेली पेटी इथल्या यंत्रात घातली, की ते तोंड वाकडे करून नकार देते. सगळे प्रदेश चालवणारे यंत्र शोधावे लागते. यंत्रेही आता दुकानांतून कमी होत चालली आहेत. म्हणून तर म्हणतो, ज्यांच्या घरी आहे त्यांनी ते माळ्यावर टाकू नये.

कारण तबकडीने जी एक गोष्ट केली ती ना नाटकाला साधली ना छापील पुस्तकाला. तिने पहिली आणि शेवटची रात्र एका फळीवर आणून ठेवली. १९८९ सालचा पहिला भाग, ‘द ॲडव्हेंचर ऑफ द क्लॅपहॅम कुक’, काढा. एका मध्यमवर्गीय घरातली स्वयंपाकीण नाहीशी झाली आहे, एवढेच प्रकरण. प्वारोला मोबदला मिळतो एक गिनी. सूशे तुरुतुरु चालतो, चेहरा टवटवीत आहे. शेजारी ह्यू फ्रेझरचा हेस्टिंग्ज, ताठ आणि निरागस. मग त्याच रात्री ‘कर्टन’ लावा. तोच सूशे, मुद्दाम वजन उतरवलेला, खुर्चीत वाळून गेलेला. तोच फ्रेझर, पिकलेला, मधली दहा-एक वर्षे मालिकेत नसलेला आणि मित्राला मरताना पाहायला परत आलेला. रंगभूषेने इतके साधत नाही. ती वर्षे खरोखरच गेलेली असतात. हे दृश्य शेवट ठाऊक नसलेल्या माणसासाठी बनलेलेच नाही.

एक माहिती पेटीवर छापलेली नाही, ती सांगतो. या पाच चित्रपटांपैकी ‘कर्टन’चे चित्रण आधी झाले, २०१२ च्या अखेरीस. सूशेने प्वारोचे मरण आधी उरकले आणि मग उरलेल्या कथांत तो जिवंत प्वारो म्हणून वावरला. सगळ्यांत शेवटी, २०१३ च्या जूनमध्ये, ‘डेड मॅन्स फॉली’चे चित्रण झाले; आणि तेही डेव्हनमधल्या डार्ट नदीकाठच्या ग्रीनवे या ख्रिस्तीबाईंच्या स्वतःच्या घरी, ज्या घरावरून आणि नावघरावरून त्यांनी ती कादंबरी बेतली होती तिथेच. म्हणजे त्या चित्रपटात ऐटीत पायऱ्या उतरणारा प्वारो खरे पाहता मरून परत आलेला आहे. आपला शेवट त्या नटाला ठाऊक आहे, आणि तरीही, की त्यामुळेच, त्याने मिशीला इतका झोकदार पीळ दिला आहे.

पेटीत तो तिसरा आहे आणि ‘कर्टन’ पाचवा. आमच्या घरी ‘कर्टन’ चौथ्या रात्री लागतो आणि ग्रीनवे पाचव्या.